जवसाचे तेल रोजच्या जेवणात: वापर आणि साठवण

रानजाई (ठाणे)

नमस्कार. या हिवाळ्यापासून आमच्या घरी जवसाचे तेल येऊ लागले आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि ओमेगा-३ साठी माशांऐवजी काही तरी आहारात असावे, असा त्यामागचा विचार आहे. जवळच्या लाकडी घाण्याच्या दुकानातून अर्ध्या लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली आणतो आणि ती इतर तेलांच्या शेजारी ओट्यावरच्या फडताळात ठेवतो. आणल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस तेलाची चव सौम्य आणि किंचित खमंग होती. नंतर ती हळूहळू कडवट होत गेली आणि आता झाकण उघडले की नव्याने रंगवलेल्या दारासारखा वास येतो. झाकणाच्या कडेला चिकट, पिवळसर थरही धरला आहे.

दुकानदारांचे म्हणणे असे, की हे तेल शेंगदाणा तेलाप्रमाणेच सहा महिने बाहेर टिकते आणि फोडणीलाही चालते. वाचनात मात्र सगळीकडे येते, की हे तेल मुळीच तापवू नये आणि फ्रिजबाहेर ठेवू नये. आमच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू म्हणतात, की त्यांच्या लहानपणी भाजीपासून वड्यांपर्यंत सगळा स्वयंपाक याच तेलात होत असे आणि कुणाला काही झाले नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील, हे मला समजत नाही.

तेव्हा माझे विचारणे असे: रोजच्या मराठी जेवणात, जिथे जवळजवळ प्रत्येक पदार्थ फोडणीने सुरू होतो, तिथे हे तेल नेमके कुठे आणि किती वापरावे? ते कशात आणि किती दिवस ठेवावे? आणि कडवट झालेले तेल खाण्याजोगे असते का?

वैनगंगाकाठ (भंडारा)

रानजाईताई, तुमच्या काकू सांगतात ते खरे आहे. आमच्या पूर्व विदर्भात धान कापणीला यायच्या थोडे आधी, जमिनीत ओल असतानाच, उभ्या पिकात जवस आणि लाखोळी फेकून पेरण्याची जुनी रीत आहे. धान निघाले की ही पिके उरलेल्या ओलीवर वाढतात, वेगळे पाणी मागत नाहीत आणि माघ-फाल्गुनात काढणीला येतात. त्यामुळे जवस हे घरचे पीक होते आणि त्याचे तेल हे घरचे तेल होते. वरणाची फोडणी, वांग्याची भाजी, सणाचे वडे, नागपूरकडचा सावजी रस्सा, हे सारे याच तेलात होई. पुढे सोयाबीनचे आणि पामचे तेल स्वस्तात मिळू लागले आणि जवस मागे पडले.

परंतु त्या काळच्या वापरातली एक गोष्ट आज सहसा कुणी सांगत नाही आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या आजोळी वर्षभर साठवले जाई ते जवस, तेल नव्हे. दाणा कणगीत कोरडा राही आणि लागेल तसे थोडे जवस तेल्याकडे नेऊन महिन्या-दीड महिन्यापुरते तेल काढून आणले जाई. पेंड गाईम्हशींना जाई. दाण्याचे टरफल शाबूत असेपर्यंत आतले तेल सुरक्षित असते, म्हणून चांगले वाळवलेले जवस वर्षभर सहज टिकतात. आज आपण नेमके उलटे करतो: तेल आधी काढतो, दुकानात ठेवतो, मग घरात ठेवतो आणि ते टिकावे अशी अपेक्षा करतो.

तापवण्याविषयी बोलायचे तर, त्या वेळी तेल आधी चांगले कढवून त्याचा उग्र वास घालवत आणि मग वापरत. दुसरे तेल नसताना ती सोय होती. ज्यांना हे तेल ओमेगा-३ साठी खायचे आहे, त्यांनी ती रीत चालवण्याचे काही कारण नाही, कारण वास घालवताना जे हवे आहे तेही काही प्रमाणात जाते आणि नको ते तयार होते. वर्षातून कधीतरी सावजी रस्सा मूळच्या चवीने करायचा असेल तर मी आडकाठी करणार नाही, पण रोजच्या फोडणीसाठी हे तेल मी कुणालाही सुचवणार नाही.

कच्चे तेल जेवणात घेण्याच्या रीती आपल्याकडे भरपूर आहेत, त्या फक्त आठवायला हव्यात. ज्वारीच्या भाकरीबरोबर झुणका किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला की मधे खळगा करून त्यात कच्चे तेल घालतात. गोळाभात आणि भरडाभात तर तेलावाचून घशाखाली उतरत नाहीत. तिथे हिंग-मोहरीची फोडणी थोड्या शेंगदाणा तेलात करावी आणि पानात वाढल्यावर जवसाचे तेल वरून घ्यावे. आंबाडीच्या भाजीचा आंबटपणा आणि या तेलाचा किंचित तुरटपणा यांचे छान जमते. मेतकूट-भात, लसणाची कोरडी चटणी, वाफेवर शिजवलेली मुटकी, या सर्वांवर तुपाच्या जागी अधूनमधून हे तेल घेऊन पाहावे. गोड पदार्थांत मात्र ते घालू नये, त्याची चव तिथे परकी वाटते.

आणि तेलाच्या मागे लागताना जवसाच्या चटणीला विसरू नये. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून पूर्ण गार होऊ द्यावे, मग सुकी लाल मिरची, लसूण, जिरे आणि मीठ घालून भरडसर वाटावे. एका वेळी पंधरवड्यापुरतीच करावी. भाजलेल्या दाण्याचे कूट झाले की तेल उघडे पडते आणि चटणीही तेलाप्रमाणेच खवट होऊ लागते.

तेलतपासणी (पुणे)

मी खाद्यतेलांच्या तपासणीचे काम करतो, म्हणून साठवणीच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देतो.

जवसाच्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग, साधारण ५० ते ६० टक्के, अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. हेच वनस्पतींतले ओमेगा-३. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि त्या बंधांच्या मधल्या जागी हवेतला ऑक्सिजन सहज शिरतो. तेलात असे किती बंध आहेत हे आयोडीन मूल्यावरून कळते. खोबरेल तेलाचे हे मूल्य १० च्या आत असते, शेंगदाणा तेलाचे साधारण ८५ ते ९९ आणि जवसाच्या तेलाचे १७० च्या वर. खोबरेल तेल कपाटात महिनोन्‌महिने चांगले राहते आणि जवसाचे तेल काही आठवड्यांत बिघडते, याचे मुख्य कारण हे आहे. तेव्हा शेंगदाणा तेलाचा नियम याला लावता येत नाही. दुधाकडे आपण ज्या नजरेने पाहतो तसेच, नाशवंत पदार्थ म्हणून, या तेलाकडे पाहावे.

तुम्हाला आलेला रंगाचा वास हा भास नाही. तैलरंगांत आणि खिडकीच्या काचा बसवण्याच्या लांबीत (पुट्टीत) शतकानुशतके हेच तेल वापरले गेले, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्याचा पापुद्रा धरतो. झाकणाच्या कडेला जमलेला चिकट थर हा त्याच क्रियेचा परिणाम आहे. बाटलीतले तेल दिसायला पातळ राहिले तरी आत तीच क्रिया सावकाश चालू असते.

कडवटपणाबद्दल एक बारकावा सांगायला हवा. ताज्या, थंड पद्धतीने काढलेल्या तेलात काही छोटी वलयाकार पेप्टाइडे (प्रथिनांसारखे लहान रेणू) असतात. त्यांच्यावर ऑक्सिजनची क्रिया झाली की तेल कडू लागते आणि हे तेल खऱ्या अर्थाने खवट होण्याच्या आधीही घडू शकते. म्हणून हलका कडवटपणा आला म्हणजे तेल विषारी झाले असे नव्हे. ते जुने होऊ लागल्याची ती पहिली खूण आहे आणि तेव्हाच ते लवकर संपवावे. मात्र रंगासारखा किंवा शिळ्या मासळीसारखा वास येऊ लागला, घशाला खवखव जाणवली, की ते खाऊ नये. तुमच्या वर्णनावरून तुमचे तेल या दुसऱ्या टप्प्यावर पोचले आहे. ते पोळीला लावून किंवा फोडणीत घालून संपवण्याचा मोह टाळावा, कारण खवटपणा तापवल्याने जात नाही, वाढतो.

आता साठवण. या तेलाला उजेड, ऊब, हवा आणि तांबे-लोखंडासारखे धातू या चारही गोष्टींपासून जपावे लागते. पारदर्शक बाटली ओट्यावर ठेवली की पहिल्या तीन गोष्टी एकदम लागू होतात. गडद तपकिरी काचेची लहान बाटली, शक्य तर १०० किंवा २५० मिलिलिटरची, सर्वांत बरी. मोठी बाटली आणावीच लागली तर घरी आल्या आल्या तेल लहान, पूर्ण कोरड्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावे, म्हणजे वर हवेला जागा उरत नाही. एका वेळी एकच बाटली उघडावी आणि सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, जिथे गारवा सर्वांत स्थिर असतो तिथे ठेवाव्यात. फ्रिजच्या दारात ठेवू नयेत. हे तेल फ्रिजमध्ये थिजत नाही, त्यामुळे खोबरेलाप्रमाणे ते वितळवण्याचा प्रश्न येत नाही. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ते कधीही काढून ठेवू नये. स्टीलचे चालते, पण अर्धे रिकामे भांडे नको. ओला चमचा बाटलीत घालू नये आणि प्रत्येक वेळी ओतून झाल्यावर बाटलीचे तोंड पुसावे, नाही तर तिथला जुना, चिकट झालेला थर पुढच्या ओतण्याबरोबर ताज्या तेलात उतरतो. उघडलेली बाटली सहा ते आठ आठवड्यांत संपेल इतकेच तेल आणावे.

खरेदीच्या वेळी किंमत विचारण्याआधी तेल कधी काढले ते विचारावे. बाटलीवर तेल काढल्याची तारीख आणि अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक नसेल तर ते घेऊ नये. घाण्याचे तेल असले की ते ताजेच असते, असा एक समज रूढ झाला आहे. तो खरा नाही. लाकडी घाण्यातून काढलेले तेलही काचेच्या बरणीत दुकानाच्या दर्शनी भागात महिनाभर उन्हात उभे असेल तर त्याचे काही खरे नसते.

तापमानाविषयी: न शुद्ध केलेले जवसाचे तेल साधारण १०७ अंश सेल्सिअसलाच धूर सोडू लागते. मोहरी तडतडेपर्यंत तेल याहून बरेच जास्त तापलेले असते, त्यामुळे फोडणी आणि तळण या दोन्हींतून ते वगळावे. अशा तापमानाला त्यातून अल्डिहाइड गटातली द्रव्ये तयार होतात आणि ती शरीराला चांगली नाहीत. वाढलेल्या गरम वरणावर किंवा भातावर चमचाभर घालण्याला मात्र काहीच हरकत नाही. तिथे तापमान शंभराच्या खाली आलेले असते आणि तेल लगेच पोटात जाते.

शेवटी एक गंभीर सूचना. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात लाकडासाठी जे अळशीचे, म्हणजे जवसाचेच, तेल मिळते ते खाण्याचे नसते. ते लवकर सुकावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगॅनीज यांसारख्या धातूंची संयुगे घातलेली असू शकतात. नाव तेच आणि किंमत कमी, म्हणून कुणी ते घरात आणू नये.

श्प्रेकाठ (बर्लिन)

ही चर्चा वाचून राहवले नाही, कारण मी राहतो तिथून दक्षिणेला लाउझित्स आणि श्प्रेवाल्ड हा जो भाग आहे, तिथले रोजचे जेवणच जवसाच्या तेलावर उभे आहे. सालासकट उकडलेले बटाटे, त्यावर क्वार्क नावाचे आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारे घट्ट दही, बारीक चिरलेला कांदा आणि वरून जवसाचे कच्चे तेल, असा तो पदार्थ आहे. श्ट्राउपित्स गावात एक जुनी पवनचक्की आहे. तिथे धान्य दळतात, लाकूड कापतात आणि जवसाचे तेलही गाळतात. लोक तिथून तेलाची लहान गडद बाटली घेऊन जातात आणि ती संपली की पुन्हा येतात. वर्षाचे तेल भरून ठेवावे, असे या तेलाबद्दल तिथे कुणाच्या मनातही येत नाही.

आमच्या घरी त्याचे मराठी रूप सहज रुळले आहे. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, पाणी निथळलेले दही, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आणि फोडणीच्या जागी चमचाभर जवसाचे तेल. उपासाच्या दिवशी आपण बटाट्याची जशी दह्यातली कोशिंबीर करतो, तशीच ही लागते. दह्याच्या आंबटपणामुळे तेलाची चव झाकली जाते, म्हणून ज्यांना हा स्वाद नवीन आहे त्यांनी इथून सुरुवात करावी. काकडी किंवा बीट यांच्या दह्यातल्या कोशिंबिरीतही ते चांगले मुरते.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. जवसाचे तेल आणि क्वार्क यांचे मिश्रण खाल्ल्याने कर्करोग बरा होतो, असे संदेश मराठीतही फिरतात. त्यांचे मूळ योहाना बुडविग या जर्मन रसायनतज्ज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात मांडलेल्या आहारात आहे. त्या आहाराने कर्करोग बरा होतो याला विश्वासार्ह वैद्यकीय पुरावा नाही. आजारी माणसाने चव म्हणून हे जरूर खावे, पण त्यासाठी उपचार लांबणीवर टाकू नयेत. आपल्या ओळखीत कुणी तसे करत असेल तर त्याला थांबवणे हे आपले काम आहे.

रानजाई (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. दाणा साठवावा आणि तेल थोडे थोडे आणावे, हा विचार मला आधी कुणीच सांगितला नव्हता. आता दोन गोष्टी राहतात. सासूबाईंसाठी रोज किती तेल पुरेसे आहे? त्यांची हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली असून त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. आणि उरलेल्या बिघडलेल्या तेलाचे काय करावे? मोरीत ओतायला मन धजत नाही.

पथ्यविचार (कोल्हापूर)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला उत्तर देते. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेलात, साधारण सव्वादोन ते अडीच ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. अमेरिकेतल्या आहारविषयक शिफारशींत प्रौढ स्त्रियांसाठी दिवसाला १.१ ग्रॅम आणि पुरुषांसाठी १.६ ग्रॅम हे पुरेसे प्रमाण मानले आहे. म्हणजे चहाचा एक चमचा हा रोजचा भरपूर हिशेब झाला. अनेक जण जेवणाचा मोठा चमचा, कधी दोन, उपाशीपोटी पितात. त्याची गरज नाही. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि काहींना त्याने पोट ढिले होते. हे तेल आहारात वाढवले तर तेवढे दुसरे तेल कमी करावे, नाही तर एकूण तेल वाढते आणि मूळ हेतू बाजूला राहतो.

सासूबाईंच्या बाबतीत माझे स्पष्ट मत असे आहे, की रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना हे तेल नियमाने सुरू करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. गोळ्यांचे नाव आणि तेलाचे प्रमाण दोन्ही त्यांना सांगावे. भाकरीवर कधीतरी घेतलेल्या चमचाभर तेलाने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण रोजचे ठरावीक प्रमाण ही औषधासारखीच माहिती असते आणि ती डॉक्टरांपर्यंत पोचली पाहिजे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरलेली असेल तेव्हाही हे सांगावे. गरोदर स्त्रियांनीही मोठ्या प्रमाणात हे तेल घेऊ नये.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. बांगडा, तारली यांसारख्या माशांतून ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्ले तयार स्वरूपात मिळतात. जवसातल्या आम्लापासून शरीराला ती बनवावी लागतात आणि हे रूपांतर फार थोड्या प्रमाणात होते, डीएचएच्या बाबतीत तर अगदीच किरकोळ. शाकाहारी माणसासाठी जवस हा उत्तम स्रोत आहे, याबद्दल शंका नाही. पण ज्यांच्या घरी मासे शिजतात त्यांनी मासे सोडून तेलाच्या बाटलीकडे वळण्यात मला काही फायदा दिसत नाही.

आणि वैनगंगाकाठ यांनी चटणीचा जो मुद्दा मांडला आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तेलात तंतुमय पदार्थ मुळीच नसतात आणि जवसातली लिग्नान नावाची उपयुक्त द्रव्येही बहुतांशी टरफलात राहून पेंडीबरोबर निघून जातात. बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्या वृद्धांना तेलापेक्षा एक मोठा चमचा दळलेले जवस आणि सोबत भरपूर पाणी अधिक उपयोगी पडते, मात्र पाणी कमी पडले तर त्रास वाढतो. दाणे अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात, म्हणून ते दळूनच खावेत आणि भाजूनच दळावेत. कच्च्या जवसात सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, ती भाजल्याने कमी होतात. दाण्यातले ओमेगा-३ मंद भाजण्याने किंवा भाकरीच्या पिठात मिसळून शेकल्याने फारसे नष्ट होत नाही, कारण दाण्यातच त्याचे रक्षण करणारी द्रव्ये असतात. रोज तेल सांभाळणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग अधिक सोपा आहे.

तेलतपासणी (पुणे)

उरलेल्या तेलाबद्दल: ते मोरीत ओतू नये, नळीत चिकटून बसते. घरात क्रिकेटची बॅट, कोयता-कुदळीचे दांडे किंवा जुना लाकडी झोपाळा असेल तर कापडाने अगदी पातळ हात फिरवून ते लावावे आणि काही दिवस वाऱ्यावर सुकू द्यावे. जाड थर दिला तर तो चिकटच राहतो. पोळपाट-लाटण्याला मात्र हे खवट तेल लावू नये.

तेल लावलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. हे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि बोळ्यात ती कोंडली तर फडके आपोआप पेट घेऊ शकते. सुतारकामाच्या जागी अशा आगी लागतात. फडके उघडे पसरून, मोकळ्या हवेत, एकेरी थरात पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावे किंवा लगेच साबणाच्या पाण्यात बुडवून धुवावे.

ज्या बाटलीत हे तेल होते ती धुऊन पुन्हा ताज्या तेलासाठी वापरू नये. प्लास्टिकला आतून धरलेला जुना थर साबणाने पूर्ण निघत नाही आणि नवीन तेल त्याच्या संपर्काने लवकर बिघडते.